टुटू आणि बॅलेची वेशभूषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅले म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो कमरेभोवती ताटासारखा पसरलेला पांढरा जाळीदार घेर. पुष्कळांना तो केवळ शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो कामाचा पोशाख आहे, आणि गेल्या तीनशे वर्षांत त्यात जे जे बदल झाले त्यांतील बहुतेक पायांच्या गरजेतून झाले. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

टुटू म्हणजे केवळ तो घेर, की संपूर्ण पोशाख?

बोलताना आपण घेरालाच टुटू म्हणतो. शिवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र टुटू तीन भागांचा असतो. छातीपासून कमरेपर्यंत घट्ट बसणारी चोळी हा पहिला भाग. कमरेपासून नितंबांच्या वरच्या भागापर्यंत येणारा रुंद पट्टा हा दुसरा. त्या पट्ट्याखाली चड्डीवजा भाग असतो आणि त्याच्यावर जाळीच्या झालरी थरावर थर शिवलेल्या असतात, तो तिसरा. घेर कमरेला लटकत नाही, नितंबाच्या उंचीवर चड्डीला शिवलेला असतो. म्हणूनच नर्तकी वाकली किंवा गिरकी घेऊ लागली तरी तो जागचा हलत नाही.

हा शब्द कोठून आला?

शब्द फ्रेंच आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. लहान मुलांच्या बोलीत पार्श्वभागासाठी जो लाडका शब्द होता, त्याचेच हे बदललेले रूप मानले जाते. आरंभी हे नाव वरच्या घेराला नसून आतल्या आखूड, शिवून बंद केलेल्या झालरीला होते. ट्यूल या जाळीदार कापडावरून टुटू झाले असेही सांगितले जाते, पण ती व्युत्पत्ती कानाला पटते तितकी भक्कम नाही.

टुटू येण्यापूर्वी बॅलेत कोणते कपडे घालत?

दरबारी कपडे, आणि तेही नेहमीच्या दरबारी कपड्यांपेक्षा भारी. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, रात्रीवर रचलेल्या एका दरबारी बॅलेत उगवत्या सूर्याच्या वेशात नाचला. सोनेरी कपडे, डोक्यावर किरणांचा आणि पिसांचा मुकुट, बुटांवरही सूर्याची चिन्हे असा तो थाट होता. त्या काळी वेशभूषेचे काम नाच दाखवण्याचे नव्हते, नाचणाऱ्याचा मान दाखवण्याचे होते. व्यावसायिक नर्तकी पॅरिसच्या ऑपेराच्या मंचावर १६८१ साली आल्या. तोपर्यंत तेथे स्त्रियांच्या भूमिका पुरुष मुखवटे घालून करीत.

अठराव्या शतकात स्त्रियांच्या घागऱ्याखाली दोन्ही बाजूंना फुगवणारे सांगाडे असत आणि घागरा जमिनीपर्यंत पोहोचे. पुरुष मात्र गुडघ्यांच्या वर संपणारा, आतून कड्यांनी ताठ केलेला आखूड घेर घालीत. पाय मोकळे ठेवणारा, कमरेभोवती ताठ उभा राहणारा घेर बॅलेत प्रथम पुरुषांच्या अंगावर आला, हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसते.

घागरा आखूड करण्याची सुरुवात कोणी केली?

हा मान सामान्यतः मारी कामार्गो हिला दिला जातो. १७२६ साली ती पॅरिसच्या ऑपेरात प्रथम नाचली. हवेत उडी घेऊन पाय झरझर एकमेकांपुढे-मागे आणण्याच्या करामती, ज्या तोवर पुरुषांची मिरास समजल्या जात, त्या ती सहज करी. परंतु घागऱ्याआड त्या दिसणार कशा? तिने घागरा घोट्यांच्या थोडा वर घेतला. आजच्या नजरेला ही काही बोटांची गोष्ट वाटेल, पण तिच्या काळी तिचा मोठा गवगवा झाला. कपड्याची कड पायांच्या कामासाठी वर जाण्याचा बॅलेतला प्रवास येथून धरता येतो.

तिची समकालीन मारी साले हिने वेगळी वाट धरली. १७३४ साली लंडनमध्ये शिल्पकार आणि त्याचा सजीव होणारा पुतळा यांची ग्रीक कथा सादर करताना तिने फुगीर सांगाडा टाकून दिला आणि साधा मलमलीचा झगा घालून, केस मोकळे सोडून ती मंचावर आली. कामार्गोला पाय दाखवायचे होते, सालेला भाव. आमच्या मते या दोघींपैकी सालेचे धाडस मोठे होते, कारण तिने कड वर केली नाही, तर सगळा डोलाराच उतरवला. पुढे १७६० साली नृत्यरचनाकार नोव्हेर याने आपल्या पत्रांतून मुखवटे, अवजड टोप आणि सांगाडे यांच्याविरुद्ध लिहिले, तेव्हा त्या विचाराला शास्त्राचे रूप मिळाले.

१८३२ हे साल इतके महत्त्वाचे का मानतात?

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले प्रथम सादर झाला. फिलिप्पो ताल्योनी याने तो आपली कन्या मारी हिच्यासाठी रचला होता. ती त्यात हवेत वावरणारी परी झाली. घट्ट चोळी, उघडे खांदे, पाठीवर छोटे पंख आणि पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा पांढरा पातळ घेर असा तिचा वेश होता. हा वेश परंपरेने चित्रकार एझेन लामी याच्या नावावर नोंदला जातो. आज ज्याला रोमँटिक टुटू म्हणतात त्याचा उगम येथे आहे.

या वेशाचे यश केवळ शिवणकामाचे नव्हते. ऑपेराच्या मंचावर १८२२ पासून गॅसचे दिवे होते, त्यामुळे मंचावर मंद, निळसर चांदण्याचा भास आणता येई आणि त्या उजेडात पांढरी जाळी स्वतः उजळल्यासारखी दिसे. दुसरे कारण पायांत होते. ताल्योनी चवड्यांच्या टोकावर उभी राहत असे, आणि तेही आजच्यासारख्या टणक टोकाच्या बुटांशिवाय, केवळ रफू करून बळकट केलेल्या मऊ रेशमी बुटांत. जमिनीला जेमतेम स्पर्श करणारा पाय आणि त्याच्याभोवती धुक्यासारखा हलणारा घेर यांचा मेळ बसला, आणि नर्तकीला वजनच नाही असे प्रेक्षकांना वाटू लागले. १८४१ साली ‘जीझेल’ आला तेव्हा दुसऱ्या अंकातील प्रेतात्म्यांना हाच पांढरा वेश मिळाला, आणि ‘पांढरा बॅले’ असा स्वतंत्र प्रकारच रूढ झाला.

इतके पातळ कापड उपलब्ध कसे झाले?

यंत्रामुळे. इंग्लंडमधील जॉन हीथकोट याने १८०८ आणि १८०९ साली षट्कोनी घरांची जाळी विणणाऱ्या यंत्रांची पेटंटे घेतली. तोवर अशी जाळी हाताने विणली जाई आणि ती लेसइतकीच महाग असे. यंत्रावरची जाळी आल्यावर एका झग्याला कित्येक वार कापड लावणे परवडू लागले. तिच्या जोडीला टार्लटन नावाचे, खळ दिलेले विरळ विणीचे सुती कापड असे. नायलॉनची जाळी दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली.

या झग्यांनी पेट घेऊन नर्तकी मरण पावल्या, हे खरे आहे का?

होय, आणि एकदाच नव्हे. खळ दिलेले विरळ सुती कापड, थरांमध्ये भरपूर हवा आणि मंचाच्या कडेला उघड्या ज्योती, एवढे जमून आल्यावर आग लागायला एक ठिणगी पुरे होई, आणि एकदा लागली की ती क्षणात अंगभर पसरे. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर हिच्या झग्याने प्रेक्षकांसमोरच पेट घेतला आणि तीन दिवसांनी ती गेली. १८६१ साली फिलाडेल्फियात गेल नावाच्या बहिणींपैकी एकीचा झगा पेटला. तिला वाचवायला धावलेल्या बहिणी आणि मैत्रिणीही पेटल्या, आणि किमान सहा जणींचा अंत झाला.

सर्वांत चटका लावणारी हकीकत एमा लिव्री हिची आहे. ताल्योनीने उतारवयात तिला हाताशी धरून घडवले आणि १८६० साली तिच्यासाठी ‘फुलपाखरू’ नावाचा बॅले स्वतः रचला. त्या काळी कार्तेरों नावाच्या गृहस्थाने कपडे तुरटी वगैरे क्षारांच्या पाण्यात बुडवून आग धरणार नाहीत असे करण्याची पद्धत काढली होती, आणि १८५९ साली फ्रान्समध्ये नाट्यगृहांना ती वापरण्याचा हुकूमही झाला होता. पण त्या पाण्याने जाळी ताठर आणि मळकट दिसे. लिव्रीने आपला झगा त्यात बुडवण्यास नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी सरावाच्या वेळी गॅसच्या दिव्याजवळ तिचा घेर पेटला. ती वीस वर्षांची होती. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती मरण पावली. जळण्यातून उरलेले तिच्या वेशाचे तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

तिच्या नकाराला हट्ट म्हणून मोकळे होणे आम्हाला योग्य वाटत नाही. ज्या घेराचे हलके तरंगणे हीच तिच्या कलेची भाषा होती, तो जड करणे म्हणजे नाचच बदलणे, हे तिला ठाऊक होते. दोष तिच्या निवडीपेक्षा, उघड्या ज्योतींशेजारी तिला ती निवड करावी लागली त्या व्यवस्थेचा अधिक होता.

लांब घेर आखूड आणि आडवा कसा झाला?

इटलीतील नर्तकींमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये तयार झालेल्या नर्तकी टणक टोकाचे बूट घालून एका पायावर सलग गिरक्या घेऊ लागल्या. या कसबात गुडघा, मांडी आणि नितंबाचा सांधा कसा वळतो हे दिसणे आवश्यक होते, आणि पोटरीपर्यंतचा घेर पायांत अडकेही. व्हर्जिनिया झुक्की १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला गेली तेव्हा तेथील प्रथेहून आखूड घेर घालण्याचा तिने आग्रह धरला. तिच्यामागून पिएरिना लेन्यानी आली. १८९५ सालच्या ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये तिने एकाच जागी घेतलेल्या बत्तीस गिरक्या आजही त्या भूमिकेची कसोटी मानल्या जातात. अशा गिरक्या लांब घेरात मोजतासुद्धा येणार नाहीत.

घेर गुडघ्यांच्या वर गेला, मग मांडीच्या वर, आणि विसाव्या शतकात एका थरात पोलादी कडे घालून तो जमिनीला समांतर झाला. या अखेरच्या रूपाला पॅनकेक टुटू म्हणतात. मधल्या अवस्थेचा नमुना पाहायचा असेल तर फ्रेंच चित्रकार देगा याची चित्रे पाहावीत. गुडघ्यापाशी संपणारा, किंचित खाली झुकलेला फुगीर घेर त्यांत जागोजागी दिसतो. १८८१ साली त्याने चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा मांडला, तेव्हा तिला खऱ्या कापडाची चोळी, घेर आणि केसांची फीत घातली होती.

‘स्वान लेक’मधील काळा टुटू पहिल्यापासूनच काळा होता का?

नाही. १८९५ च्या प्रयोगात ओडील, म्हणजे हंसिनी झालेल्या राजकन्या ओडेटचे रूप घेऊन राजपुत्राला फसवणारी जादूगाराची मुलगी, काळ्या वेशात नव्हती. तिला काळा रंग विसाव्या शतकात मिळाला आणि तो इतका घट्ट चिकटला की आता तिला ‘काळी हंसिनी’ याच नावाने ओळखतात. त्याआधी ओडेट आणि ओडील यांतील फरक प्रामुख्याने अभिनयाने दाखवावा लागे.

‘ला बायादेर’ हा बॅले भारतावर आहे. त्यातील वेश भारतीय आहेत का?

या प्रश्नात आपल्याकडचा एक धागा आहे. पोर्तुगीज भाषेत नाचणारीला ‘बायलादेरा’ म्हणतात. गोव्यात आणि किनारपट्टीवर पोर्तुगिजांनी देवळांतील नर्तकींना हेच नाव दिले, आणि त्याचेच फ्रेंच रूप ‘बायादेर’. १८३८ साली पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा एक चमू पॅरिसला गेला होता, तेव्हा त्या तेथील प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिल्या. तरीही १८७७ साली मारियुस पेतिपाने सेंट पीटर्सबर्गमध्ये रचलेल्या बॅलेत भारत आहे तो युरोपच्या कल्पनेतला. उघड्या पोटावरची आखूड चोळी, सैल विजार आणि डोक्यावरचे मोत्यांचे गोंडे यांचा देवदासीच्या साडीशी फारसा संबंध नाही. आणि त्या बॅलेतील सर्वांत सुंदर प्रसंगात, जेथे छायारूप नर्तकी हिमालयाच्या उतारावरून एकामागून एक खाली येतात, तेथे भारत पूर्ण विरून जातो. उरतात ते पांढरे टुटू आणि दंडांपासून डोक्यापर्यंत गेलेल्या तलम ओढण्या.

टुटू शिवतात कसा?

चोळीपासून सुरुवात होते. ती अनेक उभ्या कळ्या जोडून बनते, आत मजबूत सुती अस्तर असते आणि शिवणींवर आधारासाठी लवचीक पट्ट्या घालतात. श्वास घेताना छाती फुगली पाहिजे, हात वर गेला तरी चोळी वर सरकता कामा नये, आणि जोडीदाराने कमरेला धरून उचलले तर त्याच्या हाताला पकड मिळाली पाहिजे. या तिन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि चांगल्या कारागिराचे कौशल्य त्यांचा समन्वय साधण्यात आहे. चोळी पाठीमागे हुकांनी बंद होते. चेन सहसा लावत नाहीत, कारण चेन ऐन प्रयोगात तुटली तर पोशाख उघडा पडतो. एक हूक निसटला तर बाकीचे सावरून घेतात.

घेरासाठी जाळीच्या लांब पट्ट्या कापतात, त्यांना दाट चुण्या घालतात आणि चड्डीवर खालून वर शिवत जातात. सर्वांत खालची झालर काही बोटांची, तर सर्वांत वरची हातभर रुंद. थर साधारण दहा-बारा असतात. खालचे थर ताठ जाळीचे असतात, कारण वरच्या मऊ थरांना तेच उचलून धरतात. मग सगळे थर हाताने सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवतात. हे टाके आवळले तर घेर मरतो, फार सैल सोडले तर थर फाकतात. नवख्याला आणि मुरलेल्याला वेगळे ओळखायचे ते येथेच. सजावटीचे मणी आणि जर यांचे काम शेवटी, आणि जोडीदाराचा हात किंवा गाल जेथे घासला जाईल ती जागा मोकळी सोडून.

पावडर-पफ टुटू म्हणजे काय?

कडे नसलेला, मऊ आणि थोडा खाली कलणारा आखूड टुटू. तो बार्बरा कारिंस्का हिच्या नावाशी जोडलेला आहे. खार्किव्हमध्ये जन्मलेल्या या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलंचीन याच्यासाठी अनेक दशके पोशाख शिवले. अडचण अशी होती की त्याच्या ‘सिंफनी इन सी’ या रचनेत अखेरीस पन्नासच्या आसपास नर्तक-नर्तकी मंचावर येतात. कड्याचे टुटू अशा दाटीत एकमेकांवर आपटून वर उडतात. कारिंस्काने १९५० साली कडे काढून टाकले, जाळीचे सहा-सात थर कमीजास्त लांबीचे कापले आणि सैल टाक्यांनी असे अडकवले की घेर स्वतःच्या बळावर उभा राहील पण धक्का लागला तर दबेल.

तिचे दुसरे काम कमी सांगितले जाते, पण नर्तकींना तेच अधिक मोलाचे वाटते. चोळीच्या बाजूच्या कळ्या ती उरेब कापी, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरपे. उरेब कापलेले कापड ताण सोसते, त्यामुळे तिच्या चोळीत बरगड्यांना फुलायला जागा मिळे. १९४८ च्या जोन ऑफ आर्कवरील चित्रपटासाठी तिला वेशभूषेचे ऑस्करही मिळाले.

विसाव्या शतकात टुटूला विरोध झाला का?

झाला, आणि तो आतूनच झाला. रशियन नृत्यरचनाकार मिखाईल फोकीनचे म्हणणे होते की इजिप्त असो की परीकथा, प्रत्येक नर्तकीला तोच घेर घालणे हा कथेवर अन्याय आहे. सर्गेई डियागिलेव याने पॅरिसमध्ये आणलेल्या ‘रशियन बॅले’ या मंडळीत हा विचार फुलला. १९१० च्या ‘शेहेराझाद’साठी लिओन बाक्स्टने केलेल्या सैल विजारी आणि भडक निळ्या-केशरी रंगांनी पॅरिसची रोजची फॅशनसुद्धा बदलली. १९२४ साली पॅरिसची फॅशनकार कोको शनेल हिने याच मंडळीसाठी चक्क विणलेले पोहण्याचे कपडे दिले. बॅलंचीन आणखी पुढे गेला. ‘फोर टेंपरामेंट्स’ हा त्याचा बॅले १९४६ साली अवजड वेशांत सादर झाला होता. त्यांत नाच झाकला जातो म्हणून १९५१ पासून तो साध्या सरावाच्या कपड्यांत होऊ लागला. कामार्गोने बोटभर वर केलेली कड येथे पूर्णच नाहीशी झाली.

पुरुषांच्या वेशाबद्दल कोणी का बोलत नाही?

बोलावे असा प्रसंग एकदा जोरात आला होता. १९११ साली रशियन नर्तक निजिन्स्की सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘जीझेल’ नाचला तेव्हा तंग विजारीवर घालायची फुगीर चड्डी त्याने घातली नाही. राजघराण्यातील मंडळी प्रेक्षकांत होती. त्याला शाही नाट्यगृहातून काढून टाकण्यात आले, आणि तो कायमचा डियागिलेवकडे गेला. हंसांच्या भूमिकांत पुरुष १९९५ साली इंग्लिश नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्नच्या ‘स्वान लेक’मध्ये आले, तेही टुटूत नव्हे, पिसांसारख्या झालरींच्या गुडघ्यापर्यंतच्या विजारीत.

बूट आणि मोजे गुलाबीच का?

कारण ते गोऱ्या त्वचेशी मिळते होते. पाय आणि बूट एकाच रंगाचे असले की रेषा अखंड आणि लांब दिसते. गुलाबी मोजे सावळ्या नर्तकीची तीच रेषा कमरेशी तोडतात. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने १९७० च्या दशकातच त्वचेच्या रंगाचे मोजे आणि बूट स्वीकारले. तयार तपकिरी बूट मात्र ब्रिटनमध्ये २०१८ साली फ्रीड या जुन्या कंपनीने बॅले ब्लॅक या मंडळीच्या सहकार्याने आणले. तोपर्यंत नर्तकी गुलाबी बूट चेहऱ्याला लावायच्या त्वचेच्या रंगाच्या प्रसाधनाने रंगवीत बसत. इतकी साधी गोष्ट इतक्या उशिरा व्हावी, याचे वाईट वाटते.

टुटू धुतात कसे आणि ठेवतात कसे?

घेर पाण्यात घालत नाहीत, कारण जाळीचा ताठपणा जातो. चोळीला आतून घामाचे वेगळे, काढून धुता येणारे अस्तर लावतात, आणि वास घालवण्यासाठी अनेक नाट्यगृहांत पाणी मिसळलेली व्होडका फवारतात. मद्यार्क उडून जातो आणि डाग राहत नाही. घेर खाली झुकू नये म्हणून टुटू उलटा टांगतात किंवा एकावर एक आडवे रचतात.

मुंबईत टुटू कधी पाहायला मिळाला?

‘मरणाऱ्या हंसिनी’च्या नाचासाठी जगभर ओळखली जाणारी आना पाव्हलोव्हा १९२० च्या दशकात मुंबईत येऊन गेली. आपल्याकडे बॅले हा शब्द मात्र पुढे नृत्यनाट्यासाठी रूढ झाला. १९५२ साली मुंबईत शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप स्थापन केला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींवर रामायण बसवले. त्यात टुटू नव्हता, असण्याचे कारणही नव्हते. मराठी मजकुरात बॅले हा शब्द वाचताना हा दुहेरी अर्थ लक्षात ठेवावा.

जुने पोशाख प्रत्यक्ष कोठे पाहता येतात?

फ्रान्समध्ये मुलँ येथे २००६ पासून केवळ रंगमंचीय वेशभूषेचे राष्ट्रीय केंद्र आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत डियागिलेवच्या मंडळीचे मोठे संग्रह आहेत. दिवे बहुधा मंद असतात, कारण उजेडाने रंग उडतात. संधी मिळाली तर पोशाखाची आतली बाजू अवश्य पाहावी. तेथे पाठीवर हुकांना अडकवण्याच्या कड्यांच्या एकाऐवजी दोन-तीन रांगा दिसतात, कारण एकच टुटू वेगवेगळ्या अंगांच्या नर्तकींना बसवावा लागतो. आणि अस्तरावर शिवलेल्या पट्टीवर एकीचे नाव खोडून त्याखाली दुसरीचे, मग तिसरीचे, असे लिहिलेले आढळते.